दहापैकी दोन

मोडलेलं हाड बांधायचं म्हणलं, तर राजूरच्या आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांत माझ्या हाताला तोड न्हाई. मेंढरांचे पाय किती बांधले त्याची मोजदाद मला बी न्हाई. स्वतःचा मातर एकच बांधला, अन् तोच कापायची पाळी आली.

तो पाय अजून खाली लोंबून राह्यला, जमिनीला टेकून राह्यला, ते वत्सला सिस्टरमुळं. अन् त्या सिस्टर आता न्हाईत. दीड-दोन महिने झाले. मी नाल्याच्या कडंला मेंढरं घेऊन बसल्तो, तर बँकेतल्या साहेबांचा फोन आला. हे साहेब जालन्याचे. बँकेत होते, आता घरी असतात. दवाखान्यात आमच्या खाटा लागून व्हत्या, त्यांचा खुबा मोडलेला अन् माझी पायाची नळी, तेव्हापासूनची दोस्ती. हे जे तुमी वाचून राह्यले ते बी साहेबांनीच लिहिलंय. मी बोलतो, ते लिहितात, अन् मधीच चष्मा काढून "किसन, एवढं लिहायचं का?" म्हणतात. मी म्हणतो, लिहा.

तर साहेब फोनवर म्हणले, "किसन, वाईट बातमी आहे रे. वत्सला सिस्टर गेल्या. काल सकाळी. हार्टचा त्रास होता." मी काही तरी बोलायला तोंड उघडलं. मला सवय हाय, मयताच्या बातमीला बी मी काही तरी बोलून जातो अन् मंग बायकोच्या शिव्या खातो. पण त्या दिवशी काहीच निघंना... साहेब तिकडून "हॅलो, हॅलो" करून राह्यले. मंग हळूच म्हणले, "किसन, गप झालास?" अन् ते ऐकल्याबराबर माझ्या त्या पायात मुंग्या आल्या. कामून आल्या, ते सांगायला सगळी कहाणीच सांगावी लागंल.

चार-पाच वर्षं झाली असतील. एका पाव्हण्याला मेंढ्यांसाठी चांगला एडका पाहिजे व्हता. मी म्हणलं, टेम्पो कशाला, मी आणून देतो. एडक्याचे चारी पाय बांधले, मोटरसायकलच्या मागं आडवा टाकला, अन् निघालो राजूरहून. बायको म्हणली, "अवो, दोरी ढिली वाटती." मी म्हणलं, "तू मला बांधायचं शिकवू नको." फाट्याच्या पुढं गेलो न्हाई तर एडक्यानं एक पाय सोडवला अन् असा हाणला माझ्या बरगडीत, की गाडी खड्ड्यात, मी गाडीखाली, अन् एडका उठून बाजूच्या शेतात चरायला लागला. लोक धावत आले, ते आधी त्यालाच धरायला गेले. मी तिथं पडून बघून राह्यलो. माझा पाय गुडघ्याच्या खाली असा दुसरीकडंच वळल्ता, जसा काही माझा नव्हताच.

जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात हाडाच्या वॉर्डात टाकलं. फोटो काढला, दोन ठिकाणी मोडलाय म्हणले. रॉड टाकायचा, पण सूज उतरल्यावर. तोवर कच्चं प्लास्टर... म्हणजे पायाच्या मागच्या बाजूनं प्लास्टरची अर्धी नळी, वर कापूस, अन् त्यावर पट्टी गुंडाळलेली. ती पट्टी बघून मला हसू आलं. बोट घातलं तर बोट आत जाऊन राह्यलं! मी डॉक्टरला म्हणलं, "साहेब, हे तर ढिलं हाय." डॉक्टर तरणा व्हता, थकलेला व्हता. म्हणला, "ढिलंच पाहिजे. सूज येणार आहे, तिला जागा नको का?" अन् गेला. मी बँकेच्या साहेबांना म्हणलं, "ह्याला कुणीतरी मेंढराचा पाय बांधताना दाखवलं पाहिजे. आमी बांबूच्या कामट्या लावतो अन् असं गच्च आवळतो की मेंढरू तिसऱ्या दिवशी उभं."

पहिल्याच सकाळी सिस्टर आल्या. ठेंगण्या, केस निम्मे पांढरे, चप्पल अशी की पावलाचा आवाज न्हाई. आल्या अन् माझ्या तोंडाकडं बघितलंच न्हाई. सरळ पायाकडं. अंगठ्याचं नख दाबलं, पांढरं झालं, सोडलं, लाल झालं. मंग हाताच्या मागच्या बाजूनं पाऊल थंड हाय का गरम ते बघितलं. "बोटं हलवा." हलवली. "मुंग्या?" न्हाई. "दुखणं किती आहे? दहापैकी सांगा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही."

आता मी शाळेच्या पायरीवर बी कधी बसलो न्हाई. म्हणलं, "सिस्टर, मला दोनच्या पुढं येत न्हाई. दोन लिहा." सगळा वॉर्ड हसला. सिस्टर हसल्या न्हाईत. दोन लिहिलं अन् पुढच्या खाटंवर गेल्या. तासाभरानं परत. नख, बोटं, मुंग्या, दहापैकी किती. मी म्हणलं, "दोनच. नख एवढं दाबून राह्यले तर रंग बी लावून द्या, बायको खूश होईल." परत वॉर्ड हसला. अन् खरं सांगू, दुखणं तेव्हा सात-आठ व्हतं. रातभर उशी चावल्ती. पण वॉर्डातल्या पंचवीस खाटा माझ्याकडं बघून राह्यल्या व्हत्या ना! रडक्या माणसाकडं कोण बघतं? मला वाटलं, जोवर हसवतो तोवर मी पेशंट न्हाई.

दुसऱ्या दिवशी सिस्टर थांबल्या. म्हणल्या, "किसनराव, तुम्ही मेंढरं राखता ना? मेंढराला दुखतं ते तुम्हाला कसं कळतं? ते काय दहापैकी सांगतं?"

मी म्हणलं, "न्हाई ओ. ते बाजूला उभं राह्यतं. चरत न्हाई. सगळा कळप बें बें करून राह्यला अन् एकटंच गप असलं, की समजायचं त्याला काहीतरी झालंय."

"असं होय," म्हणल्या. बस, एवढंच. मला वाटलं, येळ घालवायला विचारलं असंल.

संध्याकाळच्या पाळीला दुसरी सिस्टर असायची. लई गोड. दारातूनच "काय मामा, बरं वाटतंय ना?" म्हणायची अन् आमी सगळे एका सुरात "व्हय सिस्टर!" अन् ती निघून जायची. आमच्या वॉर्डाला तीच आवडायची. वत्सला सिस्टरचं नाव आमी "नखवाली" ठेवलं. मीच ठेवलं, दुसऱ्यावर कामून ढकलू.

मंग तो तिसरा दिवस. सकाळी नर्सिंगच्या कॉलेजची एक पोरगी कागद घेऊन आली. पेशंट समाधानी हाय का न्हाई ते लिहून घेत व्हती. पाणी, जेवण, झाडझूड, डॉक्टर, सगळं विचारलं. मंग म्हणली, "सिस्टरच्या सेवेबद्दल तुम्ही समाधानी आहात का?" सगळा वॉर्ड कान टवकारून. मला काय, माईकच भेटला! मी म्हणलं, "बिलकुल न्हाई. लिही. ती सिस्टर हसत न्हाई. झोपू देत न्हाई. माझ्या नखाच्या मागं लागली. अडाणी माणसाला दहापर्यंत मोजायला लावून लाज आणती." हसून हसून एकाचं सलाईन निघालं. पोरगी मातर हसली न्हाई, नवीन व्हती बिचारी, सगळं अक्षर न अक्षर लिहून घेतलं, अन् खाली माझा अंगठा घेतला. साहेब म्हणले, "किसन, अरे ते कागद वर जातात." मी म्हणलं, "जाऊ द्या की वर, आपून तर खाटंवर हावोत."

कागद बराबर वर गेला. बाराच्या पुढं-मागं शिपाई आला अन् वत्सला सिस्टरला म्हणला, "मोठ्या मॅडमनी बोलावलंय, तुमची तक्रार आलीय." सिस्टर माझ्या खाटंकडंच येऊन राह्यल्या व्हत्या. थांबल्या. माझ्याकडं बघितलं न्हाई. गेल्या. माझ्या जिवाला जरा लागलं, पण तेवढ्यात माझी बायको गिरजा भाकरी घेऊन आली, अन् मी ते विसरलो.

गिरजाला मी पट्टी दाखवली. "बघ, अशी बांधतात का? हाडाला हाड घासून राह्यलं, रातभर कटकट वाजतं. सिस्टर न्हाई तोवर आपून बराबर करू." ती म्हणली, "डॉक्टरला इचारा." मी म्हणलं, "डॉक्टरनं किती मेंढरं बांधली?" डोक्याचा पटका सोडला. आठ-नऊ हाताचा, लाल, लग्नात मामानं बांधलेला. प्लास्टरवरूनच घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळायला लावला. गिरजानं खाटंच्या लोखंडाला पाय लावून वढला. मी म्हणून राह्यलो, "अजून. अजून वढ. तू काय वेणी घालून राह्यली का?" शेवटी गच्च गाठ मारली, वर चादर टाकली. अन् काय सांगू, पयल्यांदा बरं वाटलं! हाड हलंना. मी साहेबांना मिशीवर हात फिरवून दाखवला.

अर्धा घंटा गेला असंल. मुंग्या सुरू झाल्या. म्हणलं, हाड जुळून राह्यलं. मंग आग व्हायला लागली, चुलीत पाय घातल्यासारखी. म्हणलं, रगत फिरून राह्यलं. मंग बोटं कुठं हायेत तेच कळंना... मी मनातल्या मनात म्हणलं, हलव. कुणी हाललं न्हाई. जसं काही चादरीच्या खाली लाकूड ठेवलंय. घाम फुटला. गिरजा इचारी, "काय होतंय?" मी मान हालवली. आता सांगायचं कसं? पंचवीस खाटांच्या पुढं म्या बढाया मारल्या व्हत्या. अन् सांगायचं कुणाला? जिला सांगायचं तिलाच तर म्या वर धाडलं व्हतं, माझ्याच अंगठ्यानं. ती येळ तिची नख दाबायची येळ व्हती. पार टळून गेली.

साहेब म्हणले, "किसन, आवाज बंद झाला तुझा?" मी म्हणलं, "झोप आली." साहेब आजही म्हणतात की तेव्हाच बोंब मारायला पाहिजे होती. पण त्यांना काय माहीत.

सिस्टर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल व्हते. दोनला त्यांची पाळी संपायची, अन् दोन वाजायलाच आले व्हते. पण त्या राह्यलेल्या खाटा घ्यायला लागल्या, पलीकडच्या टोकापासून. एकेक खाट... मी बघून राह्यलो. मला वाटे जल्दी याव्या, अन् मला वाटे येऊच नये. माझ्याजवळ आल्या. चेहरा दगडाचा. "दहापैकी किती?"

"दोन."

लिहिलं. पुढं निघाल्या. दोन पावलं गेल्या... अन् थांबल्या. वळल्या.

"दोन, आणि पुढं?"

मी म्हणलं, "पुढं काय?"

"रोज पुढं काहीतरी असतं. आज काहीच नाही?"

मी गप. त्या माझ्याकडं बघून राह्यल्या, अन् एकदम त्यांच्या हातातला कागद खाली पडला. चादर वढली. लाल पटका बघितला. अन् त्याच्या पुढं माझी बोटं... जांभळासारखी झाल्ती. नख दाबलं. पांढरं झालं. सोडलं. पांढरंच राह्यलं.

"कात्री!" अशा वरडल्या की शेवटच्या खाटंवरचा म्हातारा उठून बसला. मी त्यांचा हात धरला. लाज वाटती सांगायला, पण धरला. म्हणलं, "सिस्टर, कापू नका, मामाचा हाय. गाठ सोडा." त्या म्हणल्या, "गाठ सोडेपर्यंत पाय जाईल. पटका पाहिजे का पाय?" अन् माझ्या उत्तराची वाट बघितली न्हाई. खर्रकन कात्री चालली, पटका, पट्टी, कापूस, सगळं खालपर्यंत कापत गेल्या, प्लास्टर दोन्ही बाजूंनी उघडलं, पायाखालची उशी काढून पाय सपाट ठेवला. डॉक्टरला फोन लावला. मला इकडचंच ऐकू येई. "हो सर. गच्च बांधला होता, वरून. एक-दीड तास झाला असेल. थंड आहे. बोटं हलत नाहीत. हो, थेटर तयार ठेवते." मंग माझ्याकडं वळून सरळ सांगितलं, काही लपवलं न्हाई. "रंग परत आला तर ठीक. नाही तर चिरून आतलं मांस मोकळं करावं लागेल. आणि तेवढ्यानंही नाही झालं..." गिरजा भिताडाला टेकून खाली बसली.

डॉक्टर दुसऱ्या आपरेशनात अडकल्ता. तो येईपर्यंत सिस्टर माझ्या पावलावर दोन बोटं ठेवून उभ्या. दुसऱ्या पाळीची सिस्टर आली, म्हणली, "मॅडम, तुमची ड्यूटी संपली." त्यांनी मानच हालवली. "बोटं हलवा." मी सगळा जीव खाली लोटला. काही न्हाई. "परत." काही न्हाई. मला आमच्या वस्तीवरचं सगळं दिसायला लागलं, चढ, बांध, नाला... एका पायाचा मेंढपाळ कळपाच्या मागं कसा जाणार? कळपच त्याला राखंल. एरवी हा जोक म्या सोडला नसता. तेव्हा रडू आलं.

सिस्टर म्हणल्या, "किसनराव, बोला. एवढे दिवस डोकं उठवलं, आता बोला ना." मी म्हणलं, "सिस्टर, तो कागद... ते म्या मस्करीत सांगितलं. खोटं सांगितलं." त्या पावलाकडंच बघून म्हणल्या, "हसत नाही हे खरंच आहे. बोटं हलवा."

किती येळ गेला मला सांगता येणार न्हाई. आग परत सुरू झाली, अन् आता ती आग मला गोड लागली. अन् मंग अंगठा... हालला. जरासाच, पावसाळ्यात गांडूळ हालतं तसा. साहेब आपल्या खाटंवरून वरडले, "हलला!" सिस्टरनी नख दाबलं, सोडलं. पांढरं... पांढरं... अन् मंग गुलाबी. त्यांनी परत दाबून बघितलं. त्यांचा विश्वास बसंना. मंग तीनदा. मंग बाजूचा स्टूल वढला अन् त्यावर बसल्या. तीन दिवसांत मी त्यांना बसलेलं पयल्यांदा बघितलं. डॉक्टर धावत आला, टाचणी टोचली, मी वरडलो. तो म्हणला, "ओरडतोय म्हणजे वाचलाय."

मला वाटलं, आता गिरजाला बोलणार. वढला तर तिनंच व्हता. पण त्यांनी तिला जवळ बोलावलं, तिचं बोट माझ्या अंगठ्याच्या नखावर ठेवलं, वरून आपलं बोट ठेवलं, अन् दाबलं. "बघितलं? पांढरं. आता सोडा. लाल. हे लाल व्हायला उशीर लागला, की मला हाक मारायची. मी नसले तर जी असेल तिला. हा माणूस काहीही सांगेल. तुम्ही नखाचं ऐकायचं." त्या दिवसापासून गिरजा नखाचं ऐकती. माझं तिनं त्या आधी बी ऐकलं नव्हतं.

आठवड्यानं रॉड पडला. घरी निघायच्या दिवशी म्या साहेबांना नवीन कागद लिहायला लावला, आधीचा खोटा हाय म्हणून, अन् कुबड्या घेत घेत मोठ्या मॅडमच्या खोलीपर्यंत गेलो अन् अंगठा दिला. मॅडमनी वाचला, म्हणल्या, "ठेवते फायलीत. पण पहिला रद्द होत नाही." म्हणजे अजून बी दवाखान्यात माझे दोन अंगठे हायेत, एक सिस्टरच्या इरुद्ध अन् एक सिस्टरच्या बाजूनं. कोणता कोण वाचतं, देव जाणे. ते समाधानाचं म्या नंतर लई येळा मनात घोळवलं. त्या संध्याकाळच्या गोड सिस्टरला आमी सगळ्यांनी पुरं समाधान दिल्तं. अन् जी दर तासाला येऊन आमचं पाऊल हातात घ्यायची तिला शून्य. ती गोड बाई बी वाईट नव्हती. पण मला तेव्हा कुणी इचारलं असतं, तुला हसणारी पाहिजे का बघणारी, तर मी हसणारीच सांगितली असती. इतका मी हुशार.

गेल्या वर्षी त्या जालन्याच्या बाजारात भेटल्या. रिटायर झाल्त्या. हातात मेथीची जुडी. मी काठीबिगर चालत पुढं गेलो, छाती काढून, म्हणलं, आता तरी म्हणतील, वा किसनराव. त्यांनी चेहऱ्याकडं बघितलंच न्हाई. सरळ खाली. म्हणल्या, "चप्पल घट्ट आहे. एक नंबर मोठी घ्या." अन् मेथी घेऊन गेल्या. तीच शेवटची भेट. चप्पल मी त्याच दिवशी बदलली.

त्या गेल्याचा फोन आला, त्यावर बारा-तेरा दिवसांनी मी अन् गिरजा त्यांच्या घरी भेटायला गेलो, साहेबच घेऊन गेले. त्यांचे मालक शाळेत गुरुजी व्हते, शांत माणूस. भिताडाला फोटो लावल्ता, त्यात बी सिस्टर हसत नव्हत्या. मी पटक्याचा तुकडा नेल्ता संगं. कापल्यावर त्याचे तुकडे झाले, त्यातला मोठा डोक्याला पुरत न्हाई, पण टाकवला बी न्हाई. मी तो गळ्यात घालतो. म्हणलं, गुरुजींना दाखवू, काही सांगू. पण तिथं बसलो अन् परत तेच... शब्द निघंना. गुरुजी माझ्याकडं बघून राह्यले. मंग म्हणले, "मेंढरंवाले किसनराव तुम्हीच का? हा तो पटका?"

मी मान हालवली.

"बोला मग. गप बसू नका. ती घरी येऊन सांगायची, हा बोलत असला की मी निर्धास्त असते."

गिरजानं डोळ्याला पदर लावला. माझा जीव असा भरून आला, की म्हणलं, म्हणजे बाई वरून दगड व्हती, पण आतून तिला माझं बोलणं आवडत असंल. धीर करून इचारलं, "गुरुजी, वॉर्डात त्या कधी हसल्या न्हाईत. घरी येऊन तरी हसायच्या का माझ्या जोकवर?"

गुरुजींनी जरा इचार केला. शिक्षक माणूस, खोटं बोलवंना.

"नाही," म्हणले. "दहापैकी दोन म्हणायची. तेही पाय वाचला म्हणून."